मग पंप बंद करायचा की चालू ठेवायचा?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी 'संशोधन आणि व्यावसायिक लेखन' हा विषय वेळापत्रकात दिसला, तेव्हा आमच्या वर्गाने त्याला सरळ झोपेच्या तासात जमा केलं. गणित नाही, मशीन नाही, नुसतं लिहायचं. सबमिशनच्या आठवड्यात उरकून टाकू, असा हिशोब. ज्यांच्या वाट्याला हा विषय आता येतोय, त्यांना तो हिशोब कुठे फसला ते सांगतो.

आमच्या चौघांच्या ग्रुपकडे लॅबमधला एक छोटा सेंट्रिफ्युगल पंप आला होता. बेअरिंगपाशी सेन्सर लावून सहा आठवडे कंपनं मोजायची आणि रिपोर्ट द्यायचा. पहिला ड्राफ्ट चौदा पानांचा झाला. पंपांचे प्रकार, कंपन म्हणजे काय, कंपनांचे प्रकार, मग सेन्सरची माहिती. आम्ही स्वतः मोजलेला पहिला आकडा अकराव्या पानावर! मॅडमनी तो परत दिला तेव्हा आत एकही खूण नव्हती. फक्त पहिल्या पानावर पेन्सिलीने एक ओळ: "मग पंप बंद करायचा की चालू ठेवायचा?"

उत्तर आमच्याकडे होतं, रिपोर्टमध्ये नव्हतं. आम्ही किती वाचलंय ते मॅडमना दाखवत बसलो होतो, आणि त्या तो रिपोर्ट पंपाची देखभाल करणाऱ्या माणसाच्या नजरेने वाचत होत्या. त्या माणसाला कंपनांचे प्रकार नको असतात. त्याला सोमवारी सकाळी काहीतरी ठरवायचं असतं.

आमच्या सारांशातलं एक वाक्य असं होतं: "सदर पंपाच्या कंपनांचा सखोल अभ्यास करण्यात आला असून समाधानकारक निष्कर्ष प्राप्त झाले आहेत." हे वाक्य जगातल्या कुठल्याही पंपाला चिकटवा, चालेल. 'सखोल' म्हणजे किती, 'समाधानकारक' कुणाला? तिसऱ्या ड्राफ्टमध्ये त्याचं झालं: "सहा आठवड्यांत बेअरिंगपाशी कंपनाचा वेग सेकंदाला २.१ मिलिमीटरवरून ४.६ मिलिमीटरवर गेला. पुढच्या देखभालीची वाट न पाहता बेअरिंग बदलावं, असं आम्ही सुचवतो." लिहिताना हात थरथरला, कारण आता चूक निघाली तर ती आमची होती. 'करण्यात आले' या क्रियापदाची खरी सोय तीच. पद्धतीच्या विभागात ते खपतं. शिफारशीत मात्र ते वापरलं की माणूस गायब होतो.

दुसऱ्याच तासाला मॅडमनी पडद्यावर जानेवारी २००३ मधली एक स्लाइड लावली होती. तेव्हा तिचा अर्थ नीट पोहोचला नव्हता, पेन्सिलीची ओळ आल्यावर पोहोचला. कोलंबिया अवकाशयान १६ जानेवारीला उडालं, तेव्हा बाहेरच्या इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी नुकसानाचा अंदाज स्लाइडवर मांडला. मथळा वाचला की वाटतं, फोम आदळण्याच्या आधीच्या चाचण्यांचे आकडे सुरक्षित बाजूलाच आहेत. खाली मुद्दे, त्याखाली उपमुद्दे, त्याच्याही खाली आणखी. 'लक्षणीय' या अर्थाचा शब्द पाच वेळा, पण किती ते एकदाही नाही. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात: चाचणीतला तुकडा ३ घनइंच, इथे १,९२० घनइंच. म्हणजे ६४० पट. ज्या चाचण्यांवर भिस्त होती त्या या तुकड्याला लागूच पडत नव्हत्या, आणि ही गोष्ट मथळ्यात असायला हवी होती. १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, सातही अंतराळवीर गेले. अपघाताला कारणं अनेक होती. पण चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडची मुद्दाम चिरफाड केली आणि तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवर बोट ठेवलं.

आता लिहायचं कधी. शोधनिबंधाचा सांगाडा ठरलेला असतो: प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा. वाचणारा त्या क्रमाने वाचतो, म्हणून आपणही त्याच क्रमाने लिहायला बसतो आणि प्रस्तावनेच्या दुसऱ्या परिच्छेदात अडकतो. आम्ही नंतर उलटं केलं. आधी आलेख आणि तक्ते, मग पद्धती, मग निष्कर्ष, प्रस्तावना त्यानंतर आणि सारांश सगळ्यांत शेवटी.

पद्धतीचा विभाग मात्र प्रयोग चालू असतानाच लिहा. आम्ही तो चौथ्या आठवड्यात लिहायला घेतला आणि पहिल्याच वाक्यावर थांबलो: सेन्सर कुठल्या दिशेला लावला होता? आडवा की उभा? एकाच बेअरिंगवर दिशा बदलली की वाचन बदलतं. वहीत नोंद नव्हती. मित्र म्हणाला आडवा, मी म्हणालो उभा, आणि दोघंही छातीठोकपणे. फोनमधले जुने फोटो धुंडाळल्यावर कळलं की पहिले दोन आठवडे आडवा होता आणि नंतर कुणीतरी साफसफाई करताना काढून उभा लावला होता. अदलाबदलीनंतरची वाचनं टाकून द्यावी लागली, सेन्सर पुन्हा आडवा लावला आणि सहा आठवडे पुरे करण्यासाठी सबमिशनची मुदत वाढवून मागावी लागली. शेवटच्या आठवड्यात लिहायला बसलो असतो, तर हे कळलं असतं पण दुरुस्त करता आलं नसतं. (बहुधा कळूनही गप्प बसलो असतो.)

पूर्वीचं संशोधन वाचण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सगळे बुडतात. पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचू नका. आधी शीर्षक, सारांश, आकृत्या आणि शेवट. दहातले सहा पेपर इथेच गळतात. उरलेल्यांची पद्धत नीट वाचा आणि एक तक्ता ठेवा: कुठलं मशीन, कुठला सेन्सर, काय सापडलं, काय सोडून दिलं. मी सुरुवातीला प्रत्येक पेपरचा वेगळा परिच्छेद लिहिला होता: अमक्याने हे केलं, तमक्याने ते केलं. मॅडम म्हणाल्या, ही किराणा मालाची यादी झाली. तक्ता आडवा वाचला की यादी होते, उभा वाचला की परीक्षण होतं. उभ्या रकान्यातच दिसतं की बहुतेकांनी मोठ्या पंपांवर काम केलंय आणि आपला पंप तर छोटा आहे.

आणि संदर्भ दिला तर मूळ पेपर उघडा. आम्ही एक विधान एका आढाव्यातून उचललं होतं. मूळ पेपर उघडला तर ते पंपाबद्दल नव्हतंच, पंख्याबद्दल होतं. आमच्यातल्या एकाने चॅटबॉटकडून संदर्भांची यादी करून घेतली. नावं झकास, वर्षं पटण्यासारखी. त्यातला एक डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळखक्रमांक) टाकून पाहिला तर भलत्याच विषयाचा पेपर उघडला, आणि बाकीचे दोन अस्तित्वातच नव्हते. तेव्हापासून नियम केला: जो पेपर आपण उघडलेला नाही, तो यादीत नाही. यादी झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या दिवसापासून ठेवा. मजकुरातले संदर्भांचे चौकटी कंसातले क्रमांक हाताने बदलत बसण्यात एक अख्खी रात्र जाते.

एककांवर मार्क कापले की चिडू नका. लहान एम म्हणजे मिली, मोठा एम म्हणजे मेगा. मिलिवॉटच्या जागी मेगावॉट छापला गेला, तर तुम्ही शंभर कोटी पटीने चुकलात. कीबोर्डवर फरक फक्त एका शिफ्टचा.

सगळ्यांत जास्त शिकलो ते दुसऱ्यांचे ड्राफ्ट तपासताना. मला दुसऱ्या शाखेच्या मुलीचा काँक्रीटवरचा रिपोर्ट आला. मी शेरा दिला, 'छान लिहिलंय.' तिने विचारलं, "तिसरं पान कळलं का?" कळलं नव्हतं. मग मी जिथे अडखळलो तिथे फक्त 'इथे अडलो' एवढं लिहीत गेलो. तिने माझ्या रिपोर्टवर तेच केलं आणि पहिल्या पानावरच पाच ठिकाणी अडली. विषय न कळणारा पण प्रामाणिक वाचक मिळाला तर त्याला सोडू नका.

ई-मेल, अर्ज, रेझ्युमे वगैरे भाग पटकन होतो. ई-मेलचा विषय नुसता 'विनंती' ठेवू नका. 'पंप लॅब: गुरुवारी दोन तास जादा मिळावेत' असा ठेवा. मला त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं होतं. रेझ्युमेतून 'मेहनती' आणि 'टीम प्लेयर' काढा, काय मोजलं आणि त्यातून काय निघालं ते लिहा. ग्रुपमध्ये विभाग वाटून घ्या, पण शेवटचा हात एकाचाच फिरू द्या, नाहीतर रिपोर्टमध्ये चार माणसं वेगवेगळ्या आवाजात बोलतात.

आमचा अंतिम रिपोर्ट सहा पानांचा झाला. शिफारस पहिल्या पानावर, आलेख दुसऱ्यावर. या वेळी पेन्सिलीला काही मिळणार नाही, अशी खात्री होती. मॅडमनी शिफारशीचं वाक्य वाचलं, मान हलवली आणि शेजारी दोन शब्द लिहिले: "बेअरिंगचा नंबर?"

मी उठून लॅबमध्ये गेलो, पंपाच्या मॅन्युअलमध्ये शोधला, ६२०५, आणि परत येऊन तिथेच लिहिला.