पोराला डर्ट बाईक शिकवताय? या चुका टाळा, आमच्या सगळ्या करून झाल्यात

पहिली चूक डर्ट बाईक, म्हणजे मातीत चालवायची मोटारसायकल, घेताना दुकानातच होते. "वाढत्या अंगाची घ्या, दोन-तीन वर्षं बघायला नको." अहो युनिफॉर्मला ठीक आहे, बाईकला नाही! आमची लेक सहा वर्षांची, १९ किलोची, आणि तिच्या काकाने कावासाकी केएलएक्स ११० हेरून ठेवली होती, सीट ६८ सेंटीमीटरवर, वजन ७५ किलोच्या आसपास. बसवून बघितलं तर पाय हवेत, आणि बाईसाहेब टाकीला मिठी मारून गप्प. सुरुवातीला दोन्ही पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत, नुसते अंगठे नाही. यामाहा पीडब्ल्यू ५० ची सीट साधारण ४८ सेंटीमीटर, होंडा सीआरएफ ५० ची ५५, म्हणून एवढ्याशा मुलांसाठी पहिली बरी पडते, आपल्याकडे बहुतेक कुणीतरी इम्पोर्ट केलेली सेकंड हँडच मिळते पण. आणि मुलाला दोन चाकांची सायकल येत नसेल तर अजून थांबा, सपोर्टची चाकं लावून डर्ट बाईक शिकवू नका, त्यात बाईक झुकवायची सवयच लागत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि ही माझी. मी तिला आधी पळवायला शिकवलं, थांबवायला नाही. मित्राच्या शेतात पहिल्याच दिवशी तिने मूठ पिळली, बाईकने झटका दिला, तशी ती मागे गेली, मागे गेली म्हणून हात ताणले, हात ताणले म्हणून मूठ अजून पिळली गेली, आणि पोरगी थेट तुरीत. मी मागून "सोड, सोड" ओरडत होतो, तर तिने हँडलच सोडलं 😅 बरं लागलं काही नाही, पण पुढचे तीन रविवार ती बाईककडे फिरकली नाही.

नंतर जे केलं ते आधी करायला हवं होतं. इंजिन बंद, पुढे खूण म्हणून जमिनीवर चप्पल ठेवलेली, मी मागून ढकलतोय, आणि बाईक चपलेजवळ आली की तिने ब्रेक दाबायचा. असं वीस-पंचवीस वेळा, कंटाळा येईपर्यंत. मग इंजिन चालू. मुठीजवळ एक छोटा स्क्रू असतो, तो आत पिळला की रेस पूर्ण मिळत नाही, तो पहिल्या दिवशीच आवळून ठेवा. मनगट खाली पडलं असेल तर झटका बसला की रेस वाढणारच, त्यामुळे कोपरं बाहेर आणि वर, एक बोट कायम ब्रेकवर.

वळणावर सारखी पडत असेल तर दहातल्या नऊ वेळा नजर पुढच्या चाकावर असते. "पुढे बघ" सांगून काही होत नाही. मी वळणाच्या पलीकडे उभा राहून बोटं दाखवतो, किती ते तिने ओरडून सांगायचं. मान आपोआप वर येते.

बाईक बदलली की पण घोळ होतो. पीडब्ल्यूचे दोन्ही ब्रेक सायकलसारखे हातात, सीआरएफचा मागचा ब्रेक पायात आणि वर तीन गिअर, क्लचचा लिव्हर नाही. मूल घाबरलं की डाव्या हाताने नसलेला लिव्हर शोधतं. म्हणजे ते चपलेचं सगळं परत पहिल्यापासून करायचं, वय वाढलं म्हणून सूट नाही.

बाईक उड्या मारतेय, घसरतेय अशी तक्रार असेल तर आधी टायर बघा. पंक्चरवाला सवयीने तीस भरून देतो, मातीत १२ ते १५ पीएसआय पुरे. धूर आणि दम नसल्यासारखं वाटलं तर बऱ्याचदा चोकच ओढलेला राहिलेला असतो, आम्ही एकदा प्लग काढून बसलो होतो.

हेल्मेट लहान मुलांचंच घ्या, मोठ्याचं घेऊन आत स्पंज कोंबू नका, मान अवघडते आणि डोळ्यांवर घसरतं ते वेगळंच. घोट्यावर येणारे बूट हवेत, सायलेन्सरला पाय भाजला की महिनाभर सगळं बंद.

आणि शेतापर्यंत बाईक टेम्पोत टाकून न्यायची, "इथूनच तर जायचंय" म्हणून मुलाला रस्त्यावर चालवू द्यायची नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-अ खाली पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

वीस मिनिटं झाली की थांबतो, ती "अजून एक राउंड" म्हणत असतानाच. हल्ली नवीन चालू आहे, "बाबा, तो स्क्रू थोडा सैल कर ना." मी दर रविवारी स्क्रूड्रायव्हर घरी विसरतो.