ऑक्टेन वाढवून इंजिनचं दुखणं जात नाही: पेट्रोल भरताना या चुका टाळा

पंपावरचा मुलगा विचारतो, "साहेब, प्रीमियम टाकू?" आणि नवी गाडी घेतलेला माणूस लगेच मान डोलावतो. गाडीला काय लागतं हे ना त्याला माहीत असतं, ना याला. पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, नसला तर मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते एकदा वाचायला दोन मिनिटं पुरतात, पण तेवढाही धीर कुणाला नसतो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ऑक्टेन जास्त तर ताकद जास्त. सिलिंडरमधल्या दाबाने आणि उष्णतेने पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटू नये, म्हणून ते किती तग धरतं, याचा तो आकडा आहे. इथेनॉलचंच बघा. त्याचा ऑक्टेन शंभराच्या वर, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. त्यामुळे ई२० मध्ये, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, ऑक्टेन वाढतो आणि ॲव्हरेज थोडं उतरतं. ९१ ऑक्टेनवर चालायला बनवलेल्या साध्या हॅचबॅकमध्ये १०० ऑक्टेन ओतलंत, तर लिटरमागे बरेच पैसे जास्त जातात, बाकी काही होत नाही.

दुसरी चूक मला जास्त छळते. इंजिन नॉक करायला, म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटून खडखडायला लागलं की कारण न शोधता महाग पेट्रोल भरायचं. माझ्या गॅरेजमधलं एक गिऱ्हाईक पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी घाट चढायला लागलं की गाडी खडखडायची. कुणीतरी सांगितलं म्हणून १०० ऑक्टेन भरायला लागले. आवाज कमी झाला, म्हणून महिनोन्‌महिने तेच भरत राहिले. उन्हाळ्यात, एसी चालू, गाडीत पाच माणसं, तेव्हा आवाज परत आला आणि इंजिन मिसही मारायला लागलं. मी ठिणगी टाकणारे स्पार्क प्लग काढले. तिसऱ्याचं चिनीमातीचं टोक पांढरं फटक, त्यावर बारीक काळे ठिपके, इलेक्ट्रोड झिजलेला. प्लग बदलताना थंड प्रकारचा, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, हवा म्हणून त्यांनी नुसता मोठा आकडा बघून घेतला होता. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा तेवढा प्लग थंड, बॉश कंपनीच्या प्लगमध्ये मोठा तेवढा गरम. यांनी घेतला होता बॉशचा. तापलेलं टोकच ठिणगीच्या आधी पेट्रोल पेटवत होतं. मॅन्युअलमधल्या नंबरचे प्लग बसवले, साधं पेट्रोल भरलं, घाटात तिसरा गिअर ठेवायला सांगितलं. आवाज गेला. आणखी थोडे दिवस तसंच चाललं असतं तर पिस्टन गेला असता.

गिअरचं तेवढ्यासाठीच सांगतो. चढावर चौथ्या-पाचव्यात इंजिन रखडवत ॲक्सिलरेटर दाबला तर चांगलं इंजिनसुद्धा खडखडतं. खालचा गिअर घ्या, मग पेट्रोलला दोष द्या.

उलटी चूकही होते. झाकणावर किमान ९५ लिहिलेलं टर्बो इंजिन, आणि मालक म्हणतो, "साध्यावर चालतंय की!" चालतं, कारण नॉक सेन्सर ठिणगी उशिरा टाकून इंजिन सांभाळतो. त्याची किंमत पिकअप आणि ॲव्हरेजमधून जाते, आणि सेन्सरलाही मर्यादा आहे. ई२० चा ऑक्टेन ९५ पर्यंत गेल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितलं, पण ती गाडी ई२० ला चालते का, हे वेगळं बघावंच लागतं.

अमेरिकेतला भाऊ "आमच्याकडे ८७ च भरतात" म्हणाला, तरी तो आकडा इथे लावू नका. तिकडे मोजायची पद्धत वेगळी, त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२.

प्रीमियम नाव असलं म्हणजे ऑक्टेन जास्त असेलच असं नाही, कधी फरक फक्त ॲडिटिव्हचा, म्हणजे वरून मिसळलेल्या रसायनांचा असतो. आकडा विचारा.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या मी गिऱ्हाइकाला विकत नाही.

९५ च्या गाडीत चुकून ९१ भरलं, तर टाकी रिकामी करायची गरज नाही. भार टाकू नका, घाट टाळा, आणि अर्धी टाकी संपली की वर १०० ऑक्टेन भरा. मिसळून साधारण ९५ होतं.