टाइल लागण्याआधी थांबा: बाथरूमच्या नूतनीकरणात या चुका टाळा

नवं बाथरूम बिघडतं ते बहुतेक वेळा टाइलच्या मागे किंवा खाली. टाइलचा रंग ठरवायला दुकानाच्या चार फेऱ्या होतात, नहाणी ट्रॅप (जमिनीतल्या जाळीखाली पाणी धरून वास अडवणारं भांडं) मात्र प्लंबर आणेल तो बसतो. पुढे खालच्या मजल्यावरचे शेजारी छतावरचा ओला डाग दाखवायला बोलावतात, तेव्हा नवी फरशी फोडण्यावाचून मार्ग राहत नाही. म्हणून जे झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधी तपासायचं. पुण्या-मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांमधलं ५ × ७ फुटांचं बाथरूम डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे.

फोडकामाआधी

आधी तोडून घेऊ, नळ-कमोड नंतर बघू, असं म्हणून सुरुवात केली की माप चुकलंच. कमोड एस ट्रॅपचा की पी ट्रॅपचा, हे जुन्या आउटलेटवरून ठरतं. एस ट्रॅपचा पाइप जमिनीत उतरतो आणि भिंतीपासून त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मॉडेलप्रमाणे बदलतं. २२० आणि ३०० मिलिमीटर ही नेहमीची मापं. हे अंतर टाइल लागलेल्या भिंतीपासूनचं असतं. प्लंबरने ते फोडलेल्या विटेपासून मोजलं, तर १५ मिलिमीटर गिलावा आणि टाइल व अॅडेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला) यांचे १२ मिलिमीटर मिळून २७ मिलिमीटर कमी पडतात आणि कमोडची टाकी भिंतीला टेकते. २२०चा कमोड असेल तर विटेपासून २४७ धरा. पी ट्रॅपचा पाइप भिंतीत जातो. त्याची तयार फरशीपासूनची उंची कमोडच्या नकाशात छापलेली असते, साधारण १८० मिलिमीटर.

भिंतीत गाडल्या जाणाऱ्या डायव्हर्टरचंही (पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा व्हॉल्व्ह) तसंच. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मधे आला पाहिजे. बॉडी खोल गेली तर हँडल पोहोचत नाही, वर राहिली तर तबकडी भिंतीला बसत नाही. म्हणून पाइपासाठी भिंतीत झिरी (खाच) मारायच्या आधी डायव्हर्टर, कमोड आणि बेसिन घरात आलेलं असावं.

सोसायटीची लेखी परवानगी घ्या. राडारोडा कुठे टाकायचा आणि फोडकामाच्या वेळा कोणत्या, तेही विचारून ठेवा. खालच्या घरात जाऊन छताचे फोटो काढा. डाग जुना की नवा हा वाद नंतर त्यावरच मिटतो.

दिवसांचा हिशेबही खरा धरा. फोडकाम २, पाइप ३, वॉटरप्रूफिंग आणि पाण्याची चाचणी ७, टाइल ५, जोडणी २, म्हणजे अडचण न येता १९ दिवस. घरात एकच बाथरूम असेल तर तेवढ्या दिवसांची सोय आधी बघा. गणपतीच्या आत उरकायचं म्हणून जुलैत काम काढलं, की दमट हवेत वॉटरप्रूफिंगचा कोट वाळत नाही आणि घाईत पहिली कात्री पाण्याच्या चाचणीलाच लागते.

जुन्या फरशीवर नवी फरशी

वेळ आणि आवाज वाचतो, म्हणून हा पर्याय मोहात पाडतो. पण त्याने फरशी १२ ते १५ मिलिमीटर वर येते. बाहेरच्या खोलीपेक्षा बाथरूम किमान अर्धा इंच खाली हवं, तो फरक इथे संपतो आणि दारही घासतं. जुनी गळती असेल तर ती जागच्या जागी राहते. टाइलच्या सांध्यांत इपॉक्सी (घट्ट होणारं रेझिन) भरलं की पाणी थांबेल, असं सांगणारे भेटतात. इपॉक्सी सांधे स्वच्छ ठेवतं; खालच्या कुजलेल्या पाइपाला ते काहीच करत नाही.

भराव आणि वॉटरप्रूफिंग

इथे पैसे वाचवू नका.

जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बहुतेकदा आठ इंच ते फूटभर खाली घेतलेला असतो आणि त्या खड्ड्यातून पाइप फिरवून वर भराव घातलेला असतो. वरून झिरपलेलं पाणी या भरावात साचतं, म्हणून डाग कित्येकदा गळतीच्या जागेपासून दूर उमटतो. नूतनीकरणात भराव पूर्ण काढून स्लॅब उघडा करावा. अर्धवट खरवडून वरच कोट मारणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

स्लॅब उघडा झाला की तारेच्या ब्रशने घासून धुवा. पाइप जिथे स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो, तिथली फट नॉन-श्रिंक (वाळताना न आकसणाऱ्या) ग्राउटने भरा. भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूचा गोलसर वाटा मारा, कारण काटकोनात कोट पातळ बसतो आणि चीर पहिली तिथेच जाते. वाटा वाळल्यावर सिमेंट-पॉलिमरचे दोन कोट: पहिला आडवा, दुसरा उभा, मधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असेल तेवढं. कोट खड्ड्याच्या भिंतींवरूनही तयार फरशीच्या वर सहा इंच चढवा.

कोट पक्का झाला की आउटलेट बुच लावून बंद करा, दोन इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलने रेघ ओढा आणि ४८ तास थांबा. हवेने पाणी किंचित उतरतं, ते चालतं. स्पष्ट उतरलं किंवा खाली ओल आली, तर दोष शोधून दुरुस्त करा आणि चाचणी पुन्हा घ्या. मजूर बसून राहतात म्हणून ठेकेदार घाई करतो. तरी हे दोन दिवस त्याच्याकडून करारात आधीच लिहून घ्या.

भराव घालताना फोडलेला राडारोडाच परत ढकलू नका. त्यात लाकूड, माती, जुना गिलावा असतो. तो दबतो आणि वरची फरशी खचते. स्वच्छ विटांचे तुकडे भिजवून मसाल्यात बसवा. वजनाचं भान मात्र ठेवा: ३५ चौरस फुटांत फूटभर भराव म्हणजे सुमारे १ घनमीटर, वजन दीड टनाहून जास्त. मूळ खोलीपेक्षा तो वाढवू नका. भरावावर कोबा (फरशीखालचा सिमेंटचा थर) झाला की त्यावर पुन्हा दोन कोट द्या आणि पुन्हा पाणी भरून बघा. शॉवरच्या भिंतींना सहा-सात फुटांपर्यंत कोट हवा.

पाइप

गरम पाण्याला सीपीव्हीसी (उष्णता सोसणारं प्लास्टिक) पाइप आणि त्याचंच सोल्व्हंट (सांधे चिकटवायचं द्रव) वापरा. यूपीव्हीसीचं (थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपाचं) सोल्व्हंट लावलेला सांधा आज धरतो, गिझरच्या पाण्याने पुढे सुटतो. नळ जिथे बसतो तिथे पितळी आट्यांचं फिटिंग घ्या आणि टेफ्लॉन टेप गुंडाळा. सुतळी-सफेद्याची सवय जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची आहे; प्लास्टिकच्या आट्यांवर ती ठासून पिळली तर फिटिंगला तडा जातो.

सांधे जोडून २४ तास झाल्यावर, झिऱ्या बुजवायच्या आधी, हातपंपाने ७ ते १० किलोचा दाब देऊन रात्रभर ठेवा. पंपावरचा दाबाचा काटा उतरता कामा नये. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो मोजायची टेप लावून काढून ठेवा. पुढे टॉवेलच्या दांडीसाठी ड्रिल मारताना तोच कामी येतो.

वरच्या मजल्यावर मोठा रेन शॉवर घेण्याआधी दाब तपासा. पाण्याच्या १० मीटर उंचीला सुमारे १ बार दाब मिळतो. टाकी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर हाती ०.३ बारच येतो आणि शॉवर नुसता ठिबकतो.

बादलीच्या नळाची उंची विसरू नका. २० लिटरची बादली खाली सहज सरकायला नळ फरशीपासून दोन फुटांवर हवा.

ढाळ आणि टाइल

ढाळ ८० ला १ धरा, म्हणजे पाच फुटांत पाऊण इंच. तो कोब्यातच काढावा लागतो. अॅडेसिव्ह जाडपातळ करून काढलेला ढाळ लाटांसारखा येतो. २ × ४ फुटांची टाइल छोट्या बाथरूमच्या जमिनीवर घालू नका. तिला चारी बाजूंनी ट्रॅपकडे वळवता येत नाही आणि कोपऱ्यात डबकं राहतं. जमिनीला १ × १ फुटाची मॅट टाइल बरी. सांधे भरण्याआधी तांब्याभर पाणी दाराजवळ ओतून बघा. त्या वेळी एक-दोन टाइल काढणं सोपं असतं.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटला ती धरत नाही. तिला टाइल अॅडेसिव्हच लागतं आणि ते दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरायचं. पाच ठिपके लावून चिकटवलेली टाइल पोकळ वाजते आणि पोकळीत पाणी बसतं.

भिंतींच्या टाइलचा हिशेब असा: परिघ २४ फूट, उंची ७ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट, दार वजा जाता साधारण १५०. १ × २ फुटांच्या ७५ टाइल, १० टक्के तूट धरून ८३. सगळे बॉक्स एकाच बॅच नंबरचे घ्या आणि भिंतीच्या व जमिनीच्या चार-चार टाइल जपून ठेवा. दोन वर्षांनी तीच छटा मिळत नाही.

गिझर

२ किलोवॉटच्या गिझरला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३ किलोवॉटला ४ ची. स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळल्यास ती तोडणारा स्विच) आणि तपासलेलं अर्थिंग यांवर तडजोड नको. १५ लिटरचा गिझर भरल्यावर २५ किलोच्या आसपास जातो. चार इंची सायपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीत साधे प्लास्टिकचे प्लग लावून तो टांगू नका, आरपार बोल्ट घाला.

काम झाल्यावर दोष दिसला तर

खाली ओल आली की लगेच छिन्नी उचलू नका. बाथरूमला येणारा पाण्याचा व्हॉल्व्ह २४ तास बंद ठेवा आणि तेवढा वेळ आंघोळ व फ्लशही बंद ठेवा. एरवी रात्रंदिवस सारखं ठिबकणारं पाणी आता मंदावलं, तर दोष दाबाच्या पाइपात आहे. आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी ठिबक वाढत असेल तर फरशी किंवा सांडपाण्याच्या पाइपावर संशय घ्या. ट्रॅप बुचून पाणी भरा: पाणी उतरलं तर फरशी गळते, उतरलं नाही, तर फ्लशच्या पाण्यात खायचा रंग टाका. रंग खाली दिसला तर कमोडचा जोड गळतो आणि तो फरशी न फोडता बदलता येतो.

वास येत असेल तर आधी ट्रॅपमध्ये पाणी आहे का ते बघा. वास अडवायला ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाण्याचं सील (साचलेला थर) हवं. गावाला गेल्यावर ते आटतं आणि वास वर येतो. पाणी ओतूनही वास गेला नाही, तर जाळी काढून ट्रॅपची खोली मोजा. उथळ ट्रॅप बसवला असेल तर तो बदलावाच लागतो, आणि त्यासाठी भोवतीच्या चार टाइल निघतात. जपून ठेवलेल्या टाइल तिथे लागतात.