दुकान मुलाच्या हाती देताना या चुका टाळा

गोव्यात फोंडा-म्हापशाकडच्या दुकानांचे हिशेब लिहिता लिहिता एक गोष्ट सारखी दिसते. धंदा उत्तम, मुलगा कामसू, तरी बाप गेला की सगळं अडतं.

कारण वाटणी तोंडी असते. चतुर्थीला सगळे जमले की बाप सांगतो, ‘दुकान धाकट्याचं, घर थोरल्याचं, मुलींना लग्नात दिलंय.’ सगळे माना डोलावतात. पण १८६७च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडातून आलेला आणि आता २०१२च्या कायद्यात बसवलेला आपला गोव्याचा वारसा कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर निम्मी मालमत्ता मुळातच आईची. बापाच्या निम्म्यातलाही अर्धाच भाग त्याला मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो. बाकीचा मुलांसाठी राखीव.

फोंड्याकडच्या एका किराणा दुकानात धाकटा दहावीपासून गल्ल्यावर बसायचा. थोरला बोटीवर, बहीण बेळगावात दिलेली. वडील ऐन श्रावणात गेले. जागा, परवाना, बँकखातं, सगळं त्यांच्या नावावर. खातं गोठलं. चतुर्थीसाठी गूळ, तांदूळ, तेल भरायचे ते दिवस, आणि होलसेलवाल्याच्या चेकवर सही करायला माणूस नाही. घरात भांडखोर कोणीच नव्हतं. थोरला एवढंच म्हणाला, ‘सगळं कायद्याने होऊ दे.’ मग इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायची प्रक्रिया, कोर्टात गेली आणि वहिनीची, जावयाची सहीही लागली. धाकट्याने सारी उमेद त्या दुकानात घातली होती, पण कागदावर त्याचा ना पगार होता ना भागीदारी. याची मला अजून चीड येते.

म्हणून मुलगा दुकानात बसू लागला की मी भागीदारी करार करायला लावतो. त्यात आईलाही घ्यायचं. भागीदार दोघेच असतील तर एकाच्या मृत्यूने भागीदारी संपते. तिघे असले तरी ‘फर्म पुढे चालू राहील’ हे कलम हवंच. लेकी-सुनांना समोर बसवून करार वाचायचा, मगच सह्या. ‘बक्षीसपत्र करून उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं, ते बक्षीस पुढे वाटणीत हिशेबाला धरलं जाऊ शकतं.

बापाच्या पश्चात त्याच्याच जीएसटी क्रमांकावर बिलं फाडू नका. नवी नोंदणी घ्या, खरेदीवर भरलेल्या कराचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ हा फॉर्म भरून नव्या नोंदणीकडे वळवा.

बापांनो, मुलाने ठरवलेला दर गिऱ्हाइकासमोर मोडू नका. नाहीतर मालवालेही दोन महिन्यांत मुलाला बाजूला सारून थेट तुम्हाला फोन करू लागतात.

आणि पुण्याहून शिकून आलेल्या पोरांनो, पहिल्याच महिन्यात काचेचा दरवाजा आणि ‘उधार बंद’ची पाटी कशाला? आधी उधारी समजून घ्या. ती वडिलांच्या डोक्यात असते. दर शनिवारी दुकान बंद केल्यावर त्यांच्यासोबत बसा आणि वहीत उतरवा: नाव, वाडा, रक्कम, कोण पगाराला देतो, कोण काजूचा हंगाम संपल्यावर.