प्रोस्टेट कर्करोगाचा जनुकीय अहवाल कसा वाचावा

प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांत किंवा अन्य अवयवांत पसरला असल्यास डॉक्टर जनुकीय चाचणी सुचवतात, आणि काही आठवड्यांनी हाती येणारा अनेक पानांचा अहवाल पाहून कुटुंबीय गोंधळतात. तो वाचताना दोन प्रश्न आरंभापासूनच वेगळे ठेवावेत: गाठीतील कोणता बदल उपचार ठरवतो, आणि कोणता बदल जन्मजात असल्यामुळे पुढच्या पिढीत जाऊ शकतो?

पहिल्या प्रश्नासाठी डीएनए-दुरुस्तीची जनुके, विशेषतः बीआरसीए२, अहवालात आधी शोधावीत. ही जनुके निकामी झालेल्या कर्कपेशी पार्प नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) आधारावर तग धरतात, आणि ओलॅपरिब हे औषध तोच आधार काढून घेते. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमधील जोहान डी बोनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेहमीचे उपचार निष्प्रभ ठरलेल्या ४९ रुग्णांपैकी १६ जणांच्या गाठीत असे दोष आढळले. त्या १६ पैकी १४ जणांना औषधाचा लाभ झाला. उरलेल्या ३३ जणांपैकी केवळ दोघांना. पुढे २०२० मध्ये अमेरिकेत या औषधाला प्रोस्टेट कर्करोगासाठी मान्यता मिळाली. अहवालात एटीएम या जनुकाचा दोष दिसल्यास मात्र आशा थोडी आवरून धरावी, कारण त्या गटात मिळालेला लाभ बीआरसीए२ इतका ठळक नाही.

अहवालाच्या पहिल्याच पानावर टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी या जनुकांचा संयोग, म्हणजे दोन जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडले जाणे, नोंदलेला असू शकतो. मिशिगन विद्यापीठातील अरुल चिन्नैयन यांच्या गटाने २००५ साली लावलेला हा शोध प्रोस्टेट कर्करोगाच्या संशोधनात फार मोलाचा आहे, परंतु आज तरी त्याच्या आधारे औषध निवडले जात नाही, त्यामुळे त्या ओळीवर अडून राहू नये.

नमुना कोणता वापरला, हे आवर्जून तपासावे. माझ्या मते अहवालातील ही सर्वांत दुर्लक्षित नोंद आहे. बायोप्सीचा मेणात जतन केलेला ठोकळा बराच जुना असेल तर डीएनए खराब झालेला असतो, आणि हाडाचा तुकडा आम्लात मऊ केलेला असेल तर चाचणी बहुधा अयशस्वी ठरते. ओलॅपरिब रुग्णांना देऊन पाहणाऱ्या मोठ्या अभ्यासात तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे ३० टक्के नमुन्यांतून निष्कर्षच निघाला नव्हता. म्हणून ‘नमुना अपुरा’ या शेऱ्याचा अर्थ ‘दोष नाही’ असा कधीही लावू नये. रक्तातील ट्यूमर-डीएनएची, म्हणजे गाठीतून रक्तात उतरलेल्या डीएनएची, चाचणी करता येईल का, हे विचारावे. ती चाचणी उपचाराने आजार आटोक्यात असताना केल्यास रक्तात पुरेसा डीएनए सापडत नाही. शिवाय वयोमानाने रक्तपेशींत होणारे एटीएम किंवा चेक२ या जनुकांतील बदल कधीकधी गाठीचे म्हणून नोंदले जातात, त्यामुळे असा निष्कर्ष आल्यास रक्तातील पांढऱ्या पेशींची स्वतंत्र तपासणी झाली आहे का, याची खात्री करून घ्यावी.

‘अर्थ अनिश्चित असलेला बदल’ या सदरातील नोंदींवरून औषध सुरू करण्याचा आग्रह धरू नये आणि त्यांची धास्तीही घेऊ नये. जागतिक जनुकीय संचांत भारतीयांची माहिती अद्याप कमी असल्यामुळे आपल्याकडील अहवालांत अशा नोंदी अधिक आढळतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ गाठीच्या तपासणीतून मिळत नाही. त्यासाठी रक्ताची किंवा लाळेची आनुवंशिक चाचणी स्वतंत्रपणे करावी लागते. २०१६ च्या एका अभ्यासात पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगाच्या ६९२ रुग्णांपैकी ११.८ टक्के पुरुषांत डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांचे जन्मजात दोष आढळले, आणि घराण्यात कर्करोगाचा इतिहास असण्या-नसण्याने या प्रमाणात विशेष फरक पडला नाही. तेव्हा ‘आमच्या घरी कोणाला नव्हता’ एवढ्यावर चाचणी टाळू नये.

बीआरसीए२ चा जन्मजात दोष वडिलांकडून मुलीकडेही तितक्याच शक्यतेने, म्हणजे प्रत्येक अपत्यात ५० टक्के, जातो आणि तिला स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दोष निश्चित झाल्यास रुग्णाच्या भावंडांना आणि सज्ञान मुलामुलींना आनुवंशिक समुपदेशकाकडे न्यावे, आणि सोबत मूळ अहवालाची पूर्ण प्रत द्यावी, म्हणजे त्यांच्यात नेमका तोच एक बदल शोधता येतो आणि सर्व जनुकांच्या चाचणीचा खर्च बहुतेक वेळा वाचतो.