टॅलडेगाच्या कलत्या ट्रॅकवर बँड न्यायचा तर

वाजवायला मिळतात जेमतेम चार मिनिटं. त्या चार मिनिटांसाठी आमची बस पहाटे अंधारात निघाली आणि रात्री उशिरा परतली. म्हणून यादी करायला बसलात आणि गाण्यांसाठी अर्धं पान, बाकीच्या गोष्टींसाठी सहा पानं लागली, तर दचकू नका. प्रमाण बरोबर आहे.

मी मूळची पुण्यातल्या ढोल पथकातली. जॉर्जियात शिकायला आले आणि कॉलेजच्या मार्चिंग बँडमध्ये बास ड्रम छातीवर घेतला. दुसऱ्या वर्षी बँडच्या सामानाची जबाबदारी गळ्यात पडली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेजारच्या अलाबामा राज्यात, टॅलडेगा सुपरस्पीडवेवर नॅस्कार या अमेरिकी संस्थेच्या मोटारशर्यतीआधी वाजवायचं ठरलं. हल्ली तिकडच्या कॉलेजांच्या बँडमध्ये आपली मराठी मुलंमुली दिसतात, त्यांचे आईबाबा पाण्याचे खोके उचलायला येतात. त्यांच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडावी म्हणून ही यादी. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर दहा वेळा वाजवलंय, इथं काय वेगळं, असं आम्हालाही वाटलं होतं.

सगळ्यात आधी आयोजकांना एकच प्रश्न विचारा: आम्ही नेमके उभे कुठे राहणार? पिट रोड (गाड्या टायर-इंधनासाठी थांबतात तो रस्ता) आणि ट्रॅक यांच्यामधल्या गवतावर, पिट रोडवर की थेट ट्रॅकवर? उत्तर लेखी घ्या, शक्य असेल तर फोटोवर खूण करून घ्या. फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते आणि आठ पावलांत पाच यार्ड ही सवय पायात मुरलेली असते. ट्रॅकवर तसली रेघ नाही. खडू किंवा टेप लावायची परवानगी मिळेल असं गृहीत धरू नका. आम्ही रांगांच्या टोकांना उभी राहणारी मुलंच खुणेसाठी नेमली आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून ओळ धरली.

आता उताराचं. टॅलडेगाचा ट्रॅक 2.66 मैलांचा आहे, आणि त्याच्या वळणांना 33 अंशांचा कल आहे, म्हणजे चांगला खडा जिनाच. तिथं कुणी तुम्हाला पाठवणार नाही. पण प्रेक्षकांसमोरचा, ट्राय-ओव्हल म्हणतात तो भागही सपाट नाही, तिथं 16.5 अंशांचा कल आहे. टीव्हीवर हे अजिबात कळत नाही. एक मीटर आडवं गेलात की जवळजवळ 30 सेंटिमीटर चढलात, एवढा हा उतार. प्रेक्षक वरच्या बाजूला बसतात, म्हणून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं की पायाचे पंजे वर आणि टाचा खाली, पोटऱ्या ताणलेल्या. पाठ फिरवली की उलटं, आणि छातीवर वजन असेल तर ते तुम्हाला खाली ओढतं. खेकड्यासारखं आडवं सरकताना एक पाय कायम दुसऱ्यापेक्षा वर. गुडघे किंचित सैल ठेवायचे, पाऊल नेहमीपेक्षा लहान टाकायचं, आणि ट्रॅकवर उभं राहायचं असेल तर नाचाच्या हालचाली सरळ काढून टाकायच्या.

याची तालीम सपाट जागेवर होत नाही. पार्किंगच्या रॅम्पचा उतार फारच सौम्य पडला, म्हणून आम्ही स्टेडियममागच्या गवताच्या टेकाडावर आठवडाभर सराव केला. तिथंच कळलं की पितळी सूझाफोन, म्हणजे अंगाभोवती वेटोळं घातलेला तो पंधराएक किलोचा अजगर, उतारावर वाऱ्याच्या झोतात सापडला तर वाजवणाऱ्यालाच गोल फिरवतो. त्यांना सगळ्यात खालच्या, सपाट पट्टीवर आणलं. फायबरग्लासचे हलके असतील तर तेच न्या. बुटांचे तळवे तपासा. मार्चिंगचे बूट गुळगुळीत होऊन जातात, आणि ट्रॅकच्या कडेला टायरच्या रबराचे तुकडे पडलेले असू शकतात. त्यांना तिथं मार्बल्स, म्हणजे गोट्या, म्हणतात, आणि पायाखाली आले की नाव किती चपखल आहे ते कळतं.

दुसरं मोठं काम घड्याळाचं. शर्यतीआधीचा कार्यक्रम टीव्हीसाठी मिनिटामिनिटाला आखलेला असतो: चालकांची ओळख, प्रार्थना, राष्ट्रगीत, त्याच्या शेवटच्या सुरावर डोक्यावरून जाणारी विमानं, मग इंजिनं सुरू करण्याचा पुकारा. राष्ट्रगीत बँडकडे असेल तर तुमच्या तालावर विमानं अवलंबून आहेत, हे ड्रम मेजरच्या, म्हणजे हातांनी बँडला ताल देणाऱ्याच्या, डोक्यात महिनाभर आधीपासून भिनवा. हिशोब सोपा आहे. अमेरिकेचं राष्ट्रगीत तीन मात्रांच्या 32 मापांचं, म्हणजे 96 मात्रा. मिनिटाला 72 मात्रांच्या गतीनं ते 80 सेकंदांत संपतं. उत्साहाच्या भरात गती 76 झाली तर साधारण 76 सेकंदांत. चार सेकंदांचा फरक मैदानात कुणाच्या लक्षातही येत नाही, पण ताशी 500 किलोमीटरनं येणारं विमान तेवढ्यात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. बँड थांबलाय, सगळे आकाशाकडे बघतायत आणि आकाश रिकामं, हे दृश्य टाळायचं असेल तर रोजच्या तालमीत स्टॉपवॉच लावा आणि आकडा वहीत लिहा. शेवटच्या ओळीत सूर किती लांबवायचा तेही सेकंदांत ठरवा. आमच्या ड्रम मेजरच्या कानात मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या गतीनं टिकटिक करणारं यंत्र, होतं. पथकातल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या, कारण आमच्याकडे टोल वाजवणाऱ्याच्या अंगात आलं की गती वाढायचीच आणि लोक टाळ्या वाजवायचे.

पण घड्याळ सांभाळूनही ताल फाटू शकतो, कारण जागा अवाढव्य आहे. अरुंद पट्टीत बँड लांबच लांब पसरतो. आवाजाला 100 मीटर जायला सेकंदाच्या तीन दशांशांइतका वेळ लागतो, आणि मिनिटाला 120 मात्रांच्या गाण्यात एक मात्राच अर्ध्या सेकंदाची. म्हणजे एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला अर्ध्याहून अधिक मात्रा उशिरा पोचतो. त्यावर स्टँडमधल्या स्पीकरांतून तुमचंच वाजवणं तुमच्याकडे परत येतं, ते वेगळंच. म्हणून ड्रमवाले मध्यभागी, सगळ्यांच्या मागे ठेवा. पुढच्यांनी मागचा ठोका ऐकायचा, शेजारच्याशी जुळवायला जायचं नाही, आणि स्पीकरवर तर मुळीच विसंबायचं नाही. ड्रमवाल्यांनी ड्रम मेजरचा हात बघायचा. पट्टी लांब असेल तर दोन टोकं आत ओढून चंद्रकोर करा, निम्मा त्रास तिथंच संपतो.

गाणी म्हणाल तर तीस-तीस सेकंदांचे तुकडे बसवा, कारण टीव्हीवर दिसलात तरी तेवढेच दिसाल. प्रक्षेपणाच्या हक्कांचं काय ते बँड डायरेक्टरनी आधी मिटवलेलं बरं.

कानांबद्दल मात्र कडक राहा. नॅस्कारच्या गाड्या बाहेरून रस्त्यावरच्या गाडीसारख्या दिसत असल्या तरी आत शर्यतीसाठी बांधलेलं व्ही-8 इंजिन असतं आणि त्याला सायलेन्सर नसतो. अशा 40 पर्यंत गाड्या एकदम सुरू होतात. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या निकषाप्रमाणे 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, आणि दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला अवघी 15 मिनिटं. पुण्यात आम्ही कापसाचे बोळे घालायचो. त्याचा उपयोग मनाच्या समाधानापलीकडे फारसा नाही. वाजवताना संगीतवाल्यांचे प्लग, ज्यात सूर कळतो, आणि वाजवून झाल्यावर फोमचे जाड प्लग, असे दोन्ही घ्या. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत सारायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. निम्म्या मुलांना हे येत नव्हतं, बसमध्ये शिकवावं लागलं. माणसांच्या दुप्पट जोड्या न्या, कारण हरवतातच.

गणवेश जाड, डांबर तापलेलं, सावली नाही. उभं राहण्याची वेळ जवळ येईपर्यंत कोट उघडे आणि टोप्या हातात, असा नियम करा. गुडघे आवळून ताठ उभं राहिलं की मुलं चक्कर येऊन पडतात. पाणी आदल्या दिवसापासून प्यायला लावा. वाद्यंही तापतात आणि पितळी वाद्यांचा सूर चढतो, तेव्हा बसशेजारच्या सावलीत जुळवलेला सूर ट्रॅकवर कामाचा नाही. शेवटची जुळवणी उन्हात करा. लाकडी क्लॅरिनेट घरी राहू द्या, प्लास्टिकचं आणा.

कागदपत्रांचं थोडक्यात: दायित्वमुक्तीचे फॉर्म आधी सह्या करून, अठरा वर्षांखालचं कुणी असेल तर पालकांच्या सहीनं. पास कुठला आहे ते नीट वाचा. कोल्ड पास म्हणजे गाड्या सुरू व्हायच्या आत बाहेर, हॉट पास असेल तरच त्यानंतर आत थांबता येतं. पिटजवळ हाफ पॅन्ट आणि उघडे बूट चालत नाहीत, म्हणून गणवेश उतरवून चड्डीवर हिंडायचा बेत असेल तर तो सोडा. वाद्यांच्या पेट्यांवर क्रमांक आणि त्यांची यादी फाटकावर हातात हवी. ट्रक ट्रॅकखालच्या बोगद्यातून जाणार की दुसऱ्या वाटेनं, त्याची उंची किती, हे चालकाला आधी विचारायला लावा.

वेळेबाबतची चूक माझी स्वतःची आहे. जॉर्जिया इस्टर्न वेळेवर चालतं, अलाबामा सेंट्रल वेळेवर, आणि टॅलडेगा सीमेपासून तासाभराच्या आतच आहे. मी पत्रकावर नुसतं 'हजेरी 9 वाजता' लिहिलं. बस आमच्या नऊला पोचली, तिथं वाजले होते आठ. फाटक बंद, मुलं कोट चढवून तयार. उशीर झाला असता त्यापेक्षा बरं, असं डायरेक्टर म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत नव्हतं. प्रत्येक वेळेपुढे 'सेंट्रल' लिहा.

आणि पाऊस. एप्रिलमध्ये अलाबामात वादळं येतात. ट्रॅकपासून आठ मैलांच्या आत वीज पडली की सगळं अर्धा तास थांबतं, पुन्हा पडली की पुन्हा अर्धा तास. टॅलडेगाला दिवे नाहीत, त्यामुळे रविवारी उजेड संपला की शर्यत सोमवारवर जाते. ही नुसती शक्यता म्हणून सांगत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये असंच झालं. शर्यत सोमवारी सुरू झाली, 188 फेऱ्यांची असून पावसानं 117 फेऱ्यांवर संपवली गेली, आणि बबा वॉलेसनं कारकिर्दीतली पहिली कप शर्यत, म्हणजे नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेतली शर्यत, जिंकली. 1963 मध्ये जिंकलेल्या वेंडेल स्कॉटनंतर या मालिकेत जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय चालक. असा दिवस बघायला मिळाला तर कुणाला नको? पण त्यासाठी बस, चालकाचे तास, रात्रीची सोय आणि सोमवारच्या वर्गांसाठी प्राध्यापकांची पत्रं आधीच हातात हवीत. ड्रमना आणि सूझाफोनांच्या तोंडांना प्लास्टिकची आच्छादनं, प्रत्येकाला स्वस्तातला रेनकोट, आणि कोरडे मोजे. मोजे विसरलात तर बसमधल्या वासानं आठवतील.

बाहेर पडण्याची तालीमही करा, ती कुणीच करत नाही. वाजवून झालं की लगेच ट्रॅक मोकळा करायचा असतो आणि त्याच वेळी सगळ्यांना सेल्फी हवा असतो. कोण कुठल्या रांगेमागून, कुठल्या फाटकानं जाणार ते ठरवा, प्रत्येक गटाच्या प्रमुखाला डोकी मोजायला लावा, मोजून होईपर्यंत फोन खिशात. वाद्यं ट्रकमध्ये गेली, पेट्यांचे क्रमांक जुळले, की मग गणवेश बदलून शर्यत बघायला मोकळे. जागा मिळाली तर उंचावर बसा, खालून गाड्यांचा नुसता रंगीत पट्टा दिसतो.

शर्यत 500 मैलांची, संपायला तीनेक तास सहज लागतात, आणि त्यानंतर पार्किंगमधून बस हलायला आणखी बराच वेळ. तेवढ्यासाठी वेगळं खाणं बाजूला काढून ठेवा आणि ते कुठं आहे हे मुलांना सांगू नका. मी एक मोठा डबा चिवडा केला होता. ट्रम्पेटवाल्यांनी तो बस सुटायच्या आधीच संपवला.