लाइट नसताना फोन कसा जगवला

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि आमच्याकडचे विजेचे खांब आडवे झाले. लाइट लवकर येणार नव्हती, आणि मुंबईतल्या मुलांना खुशाली कळवणं तर भागच होतं.

बॅटरी खूप खाते ती रेंज शोधण्याची धडपड. टॉवर बंद पडले की फोन सारखा सिग्नल धुंडाळत राहतो आणि न वापरताही उतरतो. म्हणून दिवसभर एअरप्लेन मोड. सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला टेकाडावर जाऊन तेवढ्यापुरता चालू करायचा. पहिल्याच निरोपात मुलांना या वेळा कळवल्या, त्यामुळे त्यांच्याही जिवाची घालमेल थांबली. कॉल लागला नाही तरी साधा एसएमएस बरेचदा जायचा. त्याला नेट लागत नाही, क्षणभर रेंज मिळाली तरी पुरते. इंटरनेट बंद, स्क्रीन अगदी मंद.

चार्जिंग शेजाऱ्यांच्या गाडीत. इंजिन चालू असतानाच लावा, नाहीतर गाडीची बॅटरी बसू शकते. फोन बंद करून लावला तर लवकर भरतो. घरात जुना बटणांचा फोन असेल तर सिम त्यात घाला, तो एका चार्जिंगवर कितीतरी जास्त टिकतो.